दहा गोळ्यांचा हिशोब

मॅगझिन म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गुळगुळीत कागद, कव्हरवर एखादी हीरॉइन आणि वीकेण्डला कुठे जेवायला जायचं त्याची यादी. आणि ॲक्सेसरी म्हटलं की? बेल्ट, घड्याळ, मोबाइलचं कव्हर. मलाही तेच आठवायचं. मग सहा महिन्यांसाठी ऑनसाइट म्हणून कॅलिफोर्नियात आलो आणि दोन्ही शब्दांचे अर्थच बदलले. इथे मॅगझिन म्हणजे रायफलला खालून लागणारा काडतुसांचा डबा. आणि ॲक्सेसरी म्हणजे ती रायफल आणि राज्याचा कायदा यांचं भांडण मिटवणारा छोटासा तुकडा. चेष्टा नाही हं. असे तुकडे चक्क दुकानात मिळतात, त्यांचे ब्रॅण्ड असतात आणि त्यांच्यावर सेलसुद्धा लागतो!

हे ज्ञान मला दिलं आमच्या दादाने. दादा म्हणजे सख्खा चुलतभाऊ. मूळचा साताऱ्याचा, वीस वर्षं अमेरिकेत आणि आता तिथला सिटिझन. काम क्यूएचं, म्हणजे दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हा पोटापाण्याचा धंदा. सॅक्रामेंटोजवळ घर, वहिनी आणि दुसरीतली मुलगी. गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या आणि याने रायफल घेतली. सगळं रीतसर. ३० प्रश्नांची परीक्षा, त्यातले किमान २३ बरोबर यायला हवेत. मग पोलिस रेकॉर्डची तपासणी, मग दहा दिवस थांबायचं.

मी पडलो व्हिसावाला. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर माझ्यासारख्याला इथे बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे दादाने गॅरेजमधली तिजोरी उघडली तेव्हा मी हात मागे बांधूनच उभा राहिलो.

‘‘दादा, हिला हे माशासारखं काय लागलंय?’’

‘‘अरे, तीच तर फिन! ती आहे म्हणून मी कायद्यात आहे. ती काढली तर गुन्हेगार.’’

बेचकीचा फंडा

दादाची रायफल एआर-१५ जातीची. यातलं ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट रायफल, ती काढणाऱ्या कंपनीचं नाव. ही सेमी ऑटोमॅटिक असते. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप तयार होते. बहुतेक राज्यांत तिच्याबरोबर ३० काडतुसांचं मॅगझिन येतं. बटण दाबलं की रिकामं मॅगझिन खाली पडतं, दुसरं खटकन बसतं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २००० पासून दहापेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझिन विकायला बंदी आली. मग बाजारात काय आलं? बाहेरून तिसाचं दिसणारं, पण आत अडसर घालून, रिव्हेट मारून कायमचं दहावर आणलेलं मॅगझिन. बाहेरून भलंमोठं, आत दहाच. आपल्या वेफर्सच्या पाकिटासारखं!

त्याच कायद्यात दुसरी मेख होती. अशा रायफलचं मॅगझिन काढता-घालता येत असेल आणि वर तिच्यावर ठरावीक गोष्टींपैकी एक जरी असेल, तर ती ‘असॉल्ट वेपन’ ठरते आणि तिच्या विक्रीवर बंदी. त्या गोष्टी म्हणजे खाली आलेली पिस्तुलासारखी मूठ, पुढची मूठ, घडी होणारा किंवा लांब-आखूड होणारा दस्ता, अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता, नळीच्या तोंडाशी ज्वाळा लपवणारा भाग, ग्रेनेड किंवा फ्लेअर सोडणारं उपकरण.

आता मूठ म्हणजे नेमकं काय? नियमात तेही लिहिलंय. गोळी झाडताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या कडेखाली येत असेल, तर ती पिस्तुलाची मूठ. मी स्वतःची बेचकी अशी निरखून कधीच बघितली नव्हती! फिनचं काम एवढंच की अंगठा मुठीभोवती वळू द्यायचा नाही. बेचकी वर राहते, मूठ कायद्याच्या भाषेत मूठ राहत नाही आणि रायफल विकायला मोकळी. नळीच्या तोंडाचा भाग बदलायचा, सरकणारा दस्ता एका जागी पक्का करायचा. झाली रायफल ‘फीचरलेस’. गोळी तीच, वेग तोच. अंगठा मात्र शिस्तीत.

दादा हे सगळं ज्या अभिमानाने सांगत होता ना, तो मी ओळखला. क्लायंटने रिक्वायरमेंटमध्ये जे लिहिलंय तेवढंच द्यायचं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. आपण दिवसभर दुसरं काय करतो?

कायदा आणि त्याचा पॅच

पण या रिक्वायरमेंटचा पहिला मसुदा कसा आला, ते ऐकून हसू थांबतं. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉकटनच्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर एकाने सेमी ऑटोमॅटिक रायफलने गोळ्या झाडल्या. पाच मुलं गेली, तीसहून जास्त मुलं-माणसं जखमी झाली. स्टॉकटन दादाच्या घरापासून गाडीने तासाभरावर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने असॉल्ट वेपन्सवर कायदा केला, त्यात रायफलींची नावं घालून यादी दिली. कंपन्यांनी नावं बदलून जवळपास तोच माल आणला. म्हणून पुढच्या कायद्यात नावांऐवजी मूठ, दस्ता वगैरे वर्णन आलं.

मग बाजाराने त्या वर्णनातला एक शब्द पकडला. हत्यार किंवा अवजार न वापरता निघतं ते ‘काढता येणारं’ मॅगझिन, अशी व्याख्या होती. आणि नियमात म्हटलं होतं की बंदुकीची गोळीही अवजारच. झालं! ‘बुलेट बटण’ आलं. मॅगझिन सोडवायचं बटण खोल खाचेत ढकललेलं. बोट आत जात नाही, पण गोळीचं टोक जातं. अवजार लागलं म्हणजे मॅगझिन ‘काढता येणारं’ नाही, म्हणजे बाकी मूठबीठ सगळं चालेल. वर्षानुवर्षं रायफली अशाच विकल्या गेल्या.

२ डिसेंबर २०१५ ला सॅन बर्नार्डिनोमध्ये एका नवरा-बायकोने १४ जणांना मारलं. त्यांच्या दोन्ही रायफली मुळात कॅलिफोर्नियाच्या नियमात बसवून विकलेल्या होत्या, नंतर त्यांच्यात बेकायदा बदल केले होते. २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि १ जानेवारी २०१७ पासून बुलेट बटणाची पळवाट बंद झाली. आता मॅगझिन ‘पक्कं’ म्हणायचं असेल तर रायफलचा मुख्य भाग उघडल्याशिवाय ते निघता कामा नये. बाजाराने लगेच तसं कुलूप आणलं. रायफल मधून उघडा, मगच मॅगझिन सुटेल. आणि त्यावरही उपाय निघालाच. मॅगझिन न काढता वरच्या खिडकीतून काडतुसं भरायचा लोडर!

‘‘बघ, बग आणि पॅच, बग आणि पॅच,’’ दादा म्हणाला.

‘‘आणि युजर कोण?’’ स्वयंपाकघरातून वहिनी. आम्ही दोघे गप्प.

दोन सेकंदांचा वाद

वहिनींचा प्रश्न साधा आहे. त्यांच्या मुलीच्या वर्गात लॉकडाउन ड्रिल होतं. दिवे बंद, दार बंद, सगळ्यांनी भिंतीशी बसायचं, शिंकायचं पण नाही. पिल्लूने मला ते करून दाखवलं, फायर ड्रिल करून दाखवावं इतक्या सहज. जेवताना विषय निघालाच.

‘‘वहिनी, तुम्हाला खरंच वाटतं दहा आणि तीसने फरक पडतो?’’ मी विचारलं.

‘‘अहो भावजी, टुसॉन आठवतंय का?’’

मला आठवत नव्हतं, मग मी वाचून काढलं. ८ जानेवारी २०११, ॲरिझोनातलं टुसॉन. खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या. हल्लेखोराच्या पिस्तुलात ३३ काडतुसांचं मॅगझिन होतं. सहा जण गेले, खुद्द गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी लागली. मॅगझिन संपलं आणि तो दुसरं लावायला गेला, तेव्हा लोकांनी त्याला आडवं पाडलं. पुढचं मॅगझिन एका बाईंनी काढून घेतलं. गिफर्ड्स यांचे पती, अंतराळवीर मार्क केली, यांनी २०१३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की नऊ वर्षांच्या मुलीला लागलेली गोळी तेरावी होती. मॅगझिन दहाचं असतं तर?

दादाकडे उत्तर होतं. ‘‘सवय असलेला माणूस दोन सेकंदांत मॅगझिन बदलतो. व्हर्जिनिया टेक बघ.’’ तेही खरं. एप्रिल २००७ मध्ये तिथे एकाच माणसाने ३२ जण मारले, तेही १० आणि १५ काडतुसांच्या मॅगझिनवर. त्या ३२ जणांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती.

म्हणजे दोघांचं भांडण त्याच दोन सेकंदांवर. एकाला ती नगण्य वाटतात. दुसरीला वाटतं की दारापर्यंत पळायला तेवढी पुरतील.

कोर्टातही हेच चाललंय. मार्च २०१९ मध्ये एका फेडरल न्यायाधीशांनी कॅलिफोर्नियाची मॅगझिनबंदी रद्द केली. आठवडाभरात स्वतःच स्थगिती दिली, पण तेवढ्या दिवसांत लोकांनी मोठ्या मॅगझिनांची दणकून खरेदी केली. त्या आठवड्याला ‘फ्रीडम वीक’ असं नावही पडलं. (दादा तेव्हा रिलीजमध्ये अडकला होता. त्याची हळहळ अजून आहे.) पुढे खटला वर-खाली होत राहिला आणि मार्च २०२५ मध्ये नाइन्थ सर्किट अपील कोर्टाने ७ विरुद्ध ४ मतांनी बंदी योग्य ठरवली. बहुमताचं म्हणणं असं की मोठं मॅगझिन हे शस्त्र नाही, ती ऐच्छिक ॲक्सेसरी आहे. विरोधातल्या एका न्यायाधीशांनी तर स्वतःच्या चेंबरमध्ये पिस्तुलं हातात घेऊन व्हिडिओच काढला. असं म्हटलं तर बंदुकीचा कुठलाही भाग ॲक्सेसरी ठरेल, हा त्यांचा मुद्दा. निकालाबरोबर व्हिडिओ! एका सहकारी न्यायाधीशांनी त्यावर लेखी नापसंतीही नोंदवली.

हे सगळं ऐकताना आपल्याकडचं आठवत होतं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आधी माणसाला अडवतो. परवाना हवा, कारण हवं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करायला लावतात. पुण्यात कुणी मुठीची आणि बेचकीची चर्चा करत नाही, कारण तिथवर पोहोचणारेच थोडे. इथे बंदूक ठेवणं हा राज्यघटनेतला हक्क. माणसाला फार अडवता येत नाही, म्हणून कायदा वस्तूला अडवतो. आणि वस्तू बदलायला कितीसा वेळ लागतो?

शिवाय शेजारचं राज्य आहेच. नेवाडात मॅगझिनवर अशी मर्यादा नाही. जुलै २०१९ मध्ये गिलरॉयच्या लसूण महोत्सवात तिघांचा जीव घेणारी रायफल नेवाडात कायदेशीर विकत घेतलेली होती. कॅलिफोर्नियात ती विकताच आली नसती. गिलरॉय सॅन होजेहून तासाभराच्या आत. ऑफिसातले अर्धे लोक वीकेण्डला तिथल्या आउटलेट मॉलमध्ये असतात.

मग माझं मत?

मी दोघांचंही मीठ खाल्लंय, पण मत आहे. फिनला मी हसतो आणि हसतच राहीन. अंगठा कुठे ठेवायचा हे ठरवून कुणी वाचत नाही. तो नियम रायफलच्या दिसण्याविषयी आहे आणि दिसण्याविषयीच्या नियमातून फॅशनच निघणार. पण दहाच्या आकड्याला मला हसता येत नाही. तो रायफल काय करते त्याविषयी आहे. तो आकडा दर दहा गोळ्यांनंतर एक फट ठेवतो. टुसॉनमध्ये त्या फटीत माणसं शिरली, व्हर्जिनिया टेकमध्ये शिरता आलं नाही. म्हणून ती फटच बुजवा, असं मला कुठल्याही तर्काने म्हणवत नाही. दादा दोन्ही नियमांना एकाच टोपलीत टाकून ‘बघ किती मूर्खपणा’ म्हणतो. तिथे माझं आणि त्याचं पटत नाही आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. ‘‘तू कधीपासून वहिनीच्या पार्टीत?’’ म्हणाला.

रायफल घरात आहे, फिनसकट, दहाच्या मॅगझिनसकट. फक्त वहिनींनी गेल्या महिन्यात एक वेगळी पेटी आणली. काडतुसं आता त्या पेटीत, दुसऱ्या खोलीत आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. दादा कुरकुरला, ‘‘अगं, चोर आला तर मी तुझी पर्स शोधू?’’

‘‘शोध,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तेवढ्यात डोकं तरी शांत होईल.’’

दादाने मोबाइलवर वेळ लावून बघितली. पर्स, किल्ली, पेटी, तिजोरी मिळून चाळीस सेकंद. त्याला ती फार वाटतात. वहिनींना अजून कमी वाटतात.