कपाटातल्या यंत्रांचे ड्रायव्हर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या कळंब भागातले सेवा केंद्रवाले कॉम्प्युटर काखोटीला मारून माझ्याकडे यायला लागले. मी एमएस-सीआयटीचा क्लास चालवतो, दुरुस्तीचं दुकान नव्हे. पण आमच्याकडे एवढा फरक कुणी करत नाही.

माझ्या चुलतभावाचं केंद्र जवळच्याच एका गावात आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ नीट चढलं, प्रिंटर चालू झाला, पण विंडोज सिक्युरिटीच्या ढालीवरचं पिवळं चिन्ह काही जाईना. आत ‘कोअर आयसोलेशन’मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’चं बटण बंद होतं. चालू करायला जावं, तर विसंगत ड्रायव्हरांची यादी पुढे करून ते पुन्हा बंद व्हायचं.

“कामं तर व्हायलेत की दादा. ऱ्हाऊ द्या तसंच,” भाऊ म्हणाला. अंगठ्याचं मशीन विकणाऱ्यानेही त्याला फोनवर बजावलं होतं, की ते बटण बंदच ठेवा, नाहीतर मशीन अंगठा घेणार नाही.

मला हे पटलं नाही. या एकाच कॉम्प्युटरवर गावाचे सातबारे निघतात, पीकविम्याचे अर्ज भरले जातात, आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार काढायला बायका इथंच आधारचा अंगठा लावतात. अशा ठिकाणी संरक्षण ‘तसंच राहू द्यायचं’ कशाला?

ड्रायव्हर हा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. तिथं शिरलेल्याला अँटिव्हायरसही बंद पाडता येतो. मेमरी इंटिग्रिटी तिथल्या कोडची तपासणी कॉम्प्युटरच्या आतच एका वेगळ्या, बंदिस्त कप्प्यात करते. कर्नलमधला कोड तपासून झाल्याशिवाय चालू देत नाही, आणि मेमरीच्या ज्या पानावरून कोड चालतो त्यावर त्याच वेळी काही लिहूही देत नाही. जुने ड्रायव्हर नेमके इथं अडतात, कारण एकाच पानावर लिहायचं आणि तिथूनच चालवायचं, ही त्यांची सवय. ते सगळे व्हायरस असतात असं नाही; बहुतेक नुसते जुन्या वळणाचे असतात.

पण सही-शिक्क्याचा ड्रायव्हरही घात करू शकतो. ज्या ‘रॉबिनहूड’ने मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या कारभाराला खीळ घातली, त्याच खंडणीखोर व्हायरसच्या पुढच्या हल्ल्यांत चोरांनी मदरबोर्डचा एक खराखुरा, सही असलेला, पण सदोष ड्रायव्हर सोबत आणला आणि त्याच्या आडून अँटिव्हायरस मारला. २०२० च्या सुरुवातीला हे उघड झालं.

भावाच्या यादीत तीन नावं निघाली. पहिलं लॉकडाउनमध्ये नेटसाठी लावलेल्या जुन्या डोंगलचं. दुसरं बाहेरच्या हार्डडिस्कचं. तिसरं अंगठ्याच्या मशीनचं, पण आताच्या नव्हे! सध्याचं एल-वन मशीन यादीत नव्हतंच. होतं ते त्याआधीचं एल-झिरो, जे कधीच कपाटात जाऊन पडलं होतं. भाडेकरू घर सोडून गेला तरी दुसरी किल्ली त्याच्याच खिशात राहावी, तशातली गत.

आधी रिस्टोर पॉइंट तयार केला. मग यादीतल्या प्रत्येक ड्रायव्हरचं ‘पब्लिश्ड नेम’ वहीत उतरवलं. ते ‘ओईएम’, पुढे एक आकडा आणि ‘डॉट आयएनएफ’ असं असतं, आणि सगळी मदार त्या आकड्यावर असते. डोंगल आणि जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनेलमधून काढलं. तेवढ्यानं भागेल असं भावाला वाटलं, पण सॉफ्टवेअर गेलं तरी ड्रायव्हर मागे राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केल्यावर न जोडलेली यंत्रं फिकट रंगात दिसू लागली. तीही काढली. एवढं करूनही जे चिकटून राहिले ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून ‘पीएनपीयुटिल’च्या डिलीट-ड्रायव्हर आज्ञेनं हटवले. इथं एक आकडा इकडचा तिकडे झाला तर भलताच ड्रायव्हर जातो, म्हणून भाऊ वहीतून वाचत होता आणि मी टाइप करत होतो.

हार्डडिस्कच्या बाबतीत तो धास्तावला होता, कारण तिच्यात ग्राहकांच्या कागदपत्रांचे स्कॅन होते. पण फायली वाचायला विंडोजचा स्वतःचाच ड्रायव्हर पुरतो. कंपनीचा तो जास्तीचा तुकडा काढल्यावरही डिस्क पहिल्यासारखीच उघडली.

पुन्हा स्कॅन केलं, यादी रिकामी आली, बटण चालू करून कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. एल-वन मशीननं अंगठा घेतला. विक्रेत्याचा सल्ला चुकीचाच होता, आणि असा सल्ला देणाऱ्याला ग्राहकाच्या सुरक्षेपेक्षा आपला फोन लवकर ठेवण्याची घाई असते, असं माझं मत झालंय.

मेमरी इंटिग्रिटीनं कॉम्प्युटर मंद होतो, ही तक्रार जुन्या प्रोसेसरपुरती खरी आहे. इंटेलच्या सातव्या पिढीपासून या कामासाठी प्रोसेसरमध्येच सोय आहे, आणि विंडोज ११ ला बहुतेक आठवी पिढी किंवा त्यापुढचीच चालते. अर्ज भरणाऱ्याला फरक जाणवणार नाही.

यादीतलं यंत्र रोजच्या वापरातलं निघालं तर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर नवा ड्रायव्हर शोधा. नसेल तर यंत्र बदला, बटण बंद ठेवू नका. आणि रिस्टोर पॉइंट केल्याशिवाय ‘ओईएम’च्या एकाही फायलीला हात लावू नका.