रेंज पिणारा कूलर

“काकाजी, हा कूलर सारी रेंज पिऊन राह्यला ना,” नेट दुरुस्त करायला आलेला पोरगा म्हणाला आणि खिडकीतल्या पत्र्यावर त्याने टकटक केलं. राउटर त्याने पाहिला होता. दिवे सगळे हिरवे, पुढच्या खोलीत फोन सुसाट. मागच्या खोलीत मात्र नुसतं गोल फिरत होतं. पोरगा गाडीला किक मारून गेला, वाक्य राहिलं. नागपूरच्या मे महिन्यात पाणी पिणाऱ्यांची कमतरता नाही, पण रेंज पिणारा मला हा पहिलाच भेटला.

पोरगा अर्धा बरोबर होता. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास अशाच लहरींनी वरण गरम करतो, कारण पाणी त्या शोषतं. कूलरच्या टाकीत पाणी, ताट्यांवर पाणी, तेव्हा संशय रास्तच. पण माझ्या मते मोठा चोर पत्रा. महाल भागातलं आमचं घर जुनं, मधली भिंत दोन हात रुंद. त्या भिंतीतून लहर फारशी जात नसावीच. हिवाळाभर ती पुढच्या खिडकीतून अंगणात उतरायची, समोरच्या घराच्या भिंतीवर आपटायची आणि मागच्या खिडकीतून आत शिरायची. मार्चमध्ये माळ्यावरून कूलर उतरतो, ताट्यांत नवं गवत भरलं जातं, धूड खिडकीत बसतं आणि ती वाट बुजते. पावसाळ्यात कूलर वर चढला की नेट पुन्हा नांदायला येतं. एसी घ्या, असं सुचवणारे भेटतात. एसीच्या हवेला वाळ्याचा वास नसतो, एवढं एक कारण मला पुरतं.

उपाय सगळे झाले. राउटर टीव्हीच्या मागून काढून कपाटावर चढवला. ५ गिगाहर्ट्झ लावून पाहिलं. वेग उत्तम, पण त्या लहरी भिंतीपुढे आणखी लवकर हात टेकतात. मग चॅनेल. २.४ च्या पट्ट्यात तेरा चॅनेल दिसत असले तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच, १, ६ आणि ११. फोनवर पाहिलं तर अख्खी गल्ली ६ वर दाटीवाटीने बसलेली. त्या यादीत ‘गण गण गणात’ होतं, ‘तर्रीपोहा’ होतं आणि ‘स्वतःचं घ्या’ असंही एक होतं. हे शेवटचं कुणाचं, ते मला ठाऊक आहे. पण सांगणार नाही, अजून चहाला बोलावतात. आम्ही ११ वर गेलो. थोडं बरं वाटतं.

या पट्ट्यात कुणाची परवानगी लागत नाही. सरकारने २००५ साली तो परवानामुक्त केला. आमच्या आजोबांना मात्र नुसता रेडिओ ऐकायलाही परवाना लागायचा आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागायची. ऐकण्याची फी! ऐंशीच्या दशकात ती गेली, आणि त्यानंतर थोड्याच काळात बुटीबोरीला आकाशवाणीचा प्रचंड ट्रान्समीटर आला.

आमचा राउटर फार तर एका वॅटच्या दहाव्या हिश्श्याने बोलत असेल. बुटीबोरीचा ट्रान्समीटर एक हजार किलोवॅटचा, म्हणजे त्याच्या एक कोटी पट. १८ मे १९८८ ला त्यावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, १५६६ किलोहर्ट्झवर. वाहिनी रात्रीची, संध्याकाळी उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी. मेच्या रात्री आम्ही सगळे गच्चीवरच असायचो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, मग बाजा टाकायच्या. बाबांच्या उशाशी ट्रान्झिस्टर. डायलचा काटा उजवीकडे पार टोकाला नेला की तीस किलोमीटरवरून तो आवाज असा यायचा, जणू निवेदक आमच्याच पाण्याच्या टाकीवर बसलाय. बाबा ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवून दाखवायचे. आतल्या काळ्या दांडीचं टोक बुटीबोरीकडे झालं की आवाज बसायचा, आडवी झाली की पुन्हा चढायचा. मला त्या रेडिओने दक्षिण दिशा शिकवली.

ती वाहिनी मध्यम लहरीवर, म्हणजे मीडियम वेव्हवर चालायची, आणि ही लहर दिवसा लांब जात नाही. वातावरणाच्या वरच्या भागात उन्हाने एक थर तयार होतो आणि तो तिला शोषतो. पोराच्या भाषेत, दिवसा ऊनच रेंज पिऊन राहतं. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहर त्याहून वरच्या थरावर आपटते आणि शेकडो कोस दूर खाली उतरते. देशाच्या जवळपास मध्यावरून ती सोडली की रात्रीतून चहूकडे पोचते. डिसेंबर २०१८ मध्ये प्रसार भारतीने ती वाहिनी बंद करायचं ठरवलं. खर्चाचा हिशेब बरोबर असेलही, मला तो आवडला नाही.

गच्चीवरच्या त्या दिवसांत धाकटा काका लष्करात होता, तेजपूरला. त्याचं पोस्टकार्ड आलं, रात्री नागपूर अगदी स्वच्छ ऐकू येतं, पण तिथे ऊन किती आहे ते कुणीच सांगत नाही. आजीने कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि रात्री थेट ट्रान्झिस्टरशीच वाद घातला. एवढं रात्रभर बोलतात, मग माझ्या पोराला एक निरोप द्यायला यांचं काय जातं? बाबांनी समजावलं, ते दिल्लीहून ठरतं. दिल्लीला काय करायचंय, माणसं तर बुटीबोरीला बसलीत ना, असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी बांधायला घेतली. फडकं, सुतळी, वर मेण. शेजारचे एक गृहस्थ गीतांजलीने हावड्याला निघाले होते, तिथून पुढे त्यांच्या ओळखीचा कुणी जवान. बरणीतलं तेल गोंदियालाच सुटलं, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. परत आल्यावर ते आधी शर्ट दाखवायला आमच्याकडे आले, घरी नंतर गेले.