खोटं नव्हे, चुकलेलं नाणं

मागच्या महिन्यात आईनं मला पाच रुपयांचं जिरं आणायला दुकानात पाठवलं. दुकानदारानं माझं नाणं उलटंपालटं करून पाहिलं अन् सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून रे पोरा, खोटं नाणं चालवतो काय?" सगळे हसले. मला रडूच आलं. मी पळत घरी आलो.

ते नाणं आईला आठवडी बाजारात मेथी विकताना मिळालं होतं. आई काहीच बोलली नाही, पण तिचं तोंड उतरलं. मला फार वाईट वाटलं.

मी नाणं नीट पाहिलं. 'भारत' हा शब्द कडेला अर्धा कापलेला होता. त्याच्या समोरच्या कडेला चंद्रकोरीसारखी कोरी जागा होती. दुसऱ्या दिवशी मी ते शाळेत नेलं. गुरुजींनी तराजूच्या एका पारड्यात ते ठेवलं अन् दुसऱ्यात तसंच चांगलं नाणं. दोन्ही पारडी सारखी राहिली! गुरुजी म्हणाले, "हे खोटं नाही, चुकलेलं आहे."

टांकसाळीत धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात. चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून यंत्रानं जोरात दाबतात. चकती सरकली की चित्र एका बाजूला जातं. कधी आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं. मग पुढच्या नाण्यावर अक्षरं उलटी उमटतात, आरशात दिसतात तशी. पण घासून गुळगुळीत झालेलं किंवा कोणी ठोकलेलं नाणं म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे.

वर्षाच्या खाली बारीक खूण असते, तीपण पहा. चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा. काहीच नसलं तर कोलकाता.

आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात तांब्याची शिवराई आहे. तिच्यावर 'श्री राजा शिव' असं असतं, पण आमच्या शिवराईवर 'राजा' एवढंच नीट दिसतं. तेव्हा नाणी हातानं हातोडा मारून पाडत, म्हणून अक्षरं कडेबाहेर जात. आजी तरीपण तिला रोज हळदकुंकू वाहते.

शेजारचा दादा म्हणाला, "मोबाईलवर अशा नाण्याचे लाख रुपये देतात, आधी फी भरावी लागते." गुरुजी म्हणाले, "फी मुळीच भरू नका. अशा फसवणुकीपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ सालीच सांगितलं आहे."

संध्याकाळी मी परत दुकानात गेलो अन् सगळं समजावून सांगितलं. दुकानदारांनी चष्मा लावून नाणं पाहिलं. मग तिथल्या लोकांसमोरच म्हणाले, "माझंच चुकलं, पोरा. सांग तुह्या मायला." मी दुसरे पाच रुपये देऊन जिरं आणलं.

आईला सांगितल्यावर ती हसली. तिनं ते नाणं शिवराईशेजारी ठेवलं.

मित्रांनो, नाणं असो की माणूस, नीट पाहिल्याशिवाय खोटं म्हणू नये.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी