विकतची हरळी

घर बांधून झाले की माणसाजवळ दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक कर्ज आणि दुसरे अंगण. कर्जाचे काय करायचे हे बँकेने आधीच ठरवलेले असते. अंगणाचे काय करायचे हे मात्र घरातल्या प्रत्येकाने निरनिराळे ठरवलेले असते. आमच्या चाळीसगावच्या घरापुढे वीस फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब अशी 500 चौरस फूट जागा उरली. सौभाग्यवतींना तेथे कुरडया-पापड वाळवायला मोकळी फरशी हवी होती, मायला तुळस आणि निंबाचे झाड हवे होते, आणि नाशिकला शिकणाऱ्या चिरंजीवांना लॉन हवे होते.

लॉन हा शब्द अलीकडे आमच्या भागात फार बोकाळला आहे. खानदेशातल्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेर पडा, ज्या मंगल कार्यालयापुढे पटांगण असेल त्याच्या पाटीवर ‘लॉन्स’ हे अक्षर हमखास सापडेल. त्यामुळे घरापुढे लॉन करायचे आहे, असे नातवाने जाहीर करताच मायने पहिला प्रश्न विचारला, “कोनं लगीन शे?”

आता मराठी शिकवणे हाच माझा धंदा असल्यामुळे लॉनला आपल्याकडे काय म्हणावे, याचा मी विचार करू लागलो. हिरवळ हा शब्द आहे, गोड आहे. पण हिरवळ उगवते, दाटते, पसरते. ती कोणी चौरस फुटाने विकत आणून बसवीत नाही. श्रावणात पाटणादेवीच्या डोंगरावर जी असते ती हिरवळ. मार्गशीर्षात ती पिवळी पडते आणि त्याबद्दल डोंगराला कोणी नावे ठेवीत नाही. लॉनचे तसे नसते. लॉनने बाराही महिने हिरवे असलेच पाहिजे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते.

ही अपेक्षा इंग्लंडातली. तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो, ऊन बेताचे असते, आणि गवताला पाणी घालण्याचे काम आभाळ करते. माणसाला उरते ते फक्त कापण्याचे काम. तेही हलके व्हावे म्हणून 1830 साली एडविन बडिंग नावाच्या गृहस्थाने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरणीत कापडावरची लव छाटणारे यंत्र पाहून त्याला ही युक्ती सुचली होती. म्हणजे जमिनीवर गालिचा अंथरायची कल्पना अगदी शब्दशः खरी! आमच्याकडे मात्र पाऊस जून ते सप्टेंबर एवढेच दिवस भेटतो, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत सहज चढतो. अशा हवेत तो गालिचा अंथरायचा होता.

चिरंजीवांचा उत्साह मोडू नये म्हणून मी एका रोपवाटिकेत गेलो. मालक जाणकार होता. त्याने तीन-चार प्रकारच्या गवताच्या लाद्या दाखवल्या. मातीसकट खरवडून काढलेल्या, चटईच्या तुकड्यासारख्या. झाडाची सावली असेल तर कोरियन जातीचे गवत बरे, पण ते सावकाश वाढते. लखलखीत ऊन असेल तर ‘सिलेक्शन वन’ घ्या, म्हणाला. हे लवकर पसरते, पायाखाली टिकते, तुडवले तरी पुन्हा उभे राहते. मी एक काडी उपटून पाहिली. पेऱ्यापेऱ्याला मुळे, बारीक पाती. ओळखीची वाटली. “हे हरळीसारखं दिसतं हो,” असे मी म्हटल्यावर तो हसला. “हरळीच आहे, सर. निवडलेली.”

गणपतीला आपण एकवीस वाहतो ती दूर्वा, शेतकरी शिव्या देतो ती हरळी, आणि जगभरच्या मैदानांवर जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती, हे सगळे एकच कूळ.

घरी येऊन मी अंदाजपत्रक मांडले. गवत 14 रुपये चौरस फूट. तुटफुटीसाठी पाच टक्के जास्त धरून 525 फुटांचे 7,350. लाद्या एका दिवसाच्या आत जमिनीला लागल्या पाहिजेत, नाहीतर चळतीतच उबून पिवळ्या पडतात. म्हणून रातोरात येणाऱ्या टेम्पोतला आपला वाटा 2,500. आमची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते. ती चार इंच उकरून वर पोयटा आणि वाळू घालायची. 500 फुटांवर चार इंच म्हणजे पावणेदोन ब्रासच्या आसपास, तेव्हा दोन ब्रासचे 7,000. शेणखत 2,000. मजुरी 4,000. एकूण 22,850 रुपये, आणि कापायचे यंत्र वेगळे.

हा कागद मी मोठ्याने वाचत होतो. माय दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून विचारले, “काय रे भाऊ, पैसा दिसन हरायी लेस?”

प्रश्न साधा होता, पण त्यामागे चाळीस वर्षे होती. आमचे वावर काळ्या मातीचे. नांगरट झाली की भर उन्हात ढेकळांतून हरळीच्या काशा वेचायच्या, बांधावर ढीग घालून जाळायच्या. एक काशी राहिली तरी पावसाळ्यात ती कपाशीच्या बुडाशी हजर. या कामाला माणसे कधी पुरली नाहीत, आणि मजूर लावायला पैसा नव्हता. म्हणून ते काम मायचे. माझ्या एम. ए.च्या फीमध्ये त्या वेचलेल्या काशांचा वाटा आहे. आता वावर बटाईने दिले आहे, आणि गेल्या वर्षी तिच्या हिश्शाला जे पैसे आले त्यांच्यापेक्षा हा आकडा फारसा लहान नव्हता. ती रागावली नाही. नुसते आपल्या हातांकडे पाहून पुन्हा तांदूळ निवडू लागली.

सौभाग्यवती व्यवहारी. त्यांनी विचारले, “अहो, पण पाण्याचं काय?” तो हिशेब मी केला नव्हता म्हणून लगेच बसलो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचे अंगण साधारण 46 चौरस मीटर. उन्हाळ्यात गवत हिरवे ठेवायचे तर रोज 5 मिलिमीटर तरी हवे, म्हणजे 230 लिटर. शहरात दर माणशी दररोज 135 लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे. तेव्हा मार्चपासून मृग बरसेपर्यंत आमच्या घरात पावणेदोन माणसे राहायला येणार, 24,000 लिटर पाणी पिणार आणि काही काम करणार नाहीत! गिरणा धरणात किती टक्के साठा उरला याच्या बातम्या ज्या जिल्ह्यात माणसे निकालासारख्या वाचतात, तेथे असे पाहुणे ठेवून घेणे शोभले नसते.

चिरंजीवांना मी सगळा कागद फोनवर वाचून दाखवला. पोरगा समजूतदार. “मग हरळी पिवळी पडली तर मरते का?” एवढेच त्याने विचारले. याचे उत्तर मायकडे होते. हरळी मरत नाही. पाणी तुटले की वरून वाळते, काशा जमिनीत जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. तिच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी तक्रार त्या दिवशी प्रथमच एखाद्या गुणासारखी सांगितली गेली.

निर्णय असा झाला. दहा फूट बाय दहा फूट एवढीच हिरवळ. लाद्या नाहीत. मृगाचा पाऊस झाल्यावर आमच्याच बांधावरून दोन गोण्या हरळी आणली. “वावरातली नको, बांधावरलीच आण,” अशी मायची सक्त ताकीद होती. दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करून चिखलात वितीवितीने टोचले. मजुरी आणि शेणखत धरून दोन हजारांच्या आत काम झाले. त्याआधी मायने चारी बाजूंना हातभर खोल शहाबादी फरशी उभी गाडून घेतली. शत्रूला घरात घ्यायचे तर कुंपण आधी, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. उरलेल्या जागेत फरशी, तुळस आणि निंबाचे रोप.

या दिवाळीत तो तुकडा गर्द हिरवा आहे. मार्चनंतर पिवळा पडेल, तेव्हा त्याला आम्ही काही बोलणार नाही. संध्याकाळी माय त्याच्या कडेला बसते. मध्येच वाकून काहीतरी उपटते. पहिल्या दिवशी मी धसकून पाहिले, तर हातात लव्हाळा होता. हरळी तशीच होती.