मल्हारगंजातली जर्मन पाहुणी

लेकीच्या शाळेने विद्यार्थी-अदलाबदलीच्या यादीत आमचं नाव घातलं तेव्हा पहिली कुरकुर सासूबाईंनी नाही, मी केली. बाकीचे यजमान इंदूरच्या विजयनगर, निपानियाकडच्या नव्या इमारतींत राहणारे. आमचं घर मल्हारगंजात. खाली दुकान, वर जायला अंधारा लाकडी जिना, न्हाणीघर एकच आणि गल्लीत दिवसभर स्कूटरचे हॉर्न. सासूबाई म्हणाल्या, "या घरात आजवर कोण कोण येऊन राहून गेलंय. एका पोरीचं काय घेऊन बसलीस?" शाळेतून पाहणीला आलेल्या बाईंनी खोलीला आतून कडी आहे ना, आंघोळीला गरम पाणी आहे ना, एवढंच विचारलं. आणि २०२३ च्या मार्चमध्ये, लेकीची नववीची परीक्षा आटोपल्यावर, दक्षिण जर्मनीतली पंधरा वर्षांची मुलगी पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन तो जिना चढून आली.

मी 'काकू' झाले, सासूबाई 'आजी'. पोह्यांबरोबर जिलबी हे समीकरण तिला पटायला वेळ लागला नाही. ते न पटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

घरात तिने पहिली चौकशी केली ती कचऱ्याच्या डब्यांची. तिच्या घरी कागदाचा वेगळा, वेष्टणांचा वेगळा, ओल्याचा वेगळा, उरल्यासुरल्याचा वेगळा. आमच्याकडे ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा, शिवाय सॅनिटरी पॅडची निराळी पिशवी आणि जुन्या बॅटऱ्यांचं खोकं. तोवर इंदूर सलग सहा वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं, आणि आम्ही इंदूरकर या विषयावर जरा जास्तच बोलतो. लेकीनेही शहराची बाजू हिरिरीने मांडली. शाळेने दोघींना देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर नेलं. कधीकाळी तिथे कचऱ्याचे डोंगर होते. आता ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी काढणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला. पाहुणीने आकडे वहीत उतरवून घेतले. मग कृष्णपुरा छत्रीपाशी कान्ह नदीच्या काठी उभी राहिल्यावर नाकाला रुमाल लावत तिने विचारलं की पहिल्या नंबरच्या शहराची नदी अशी का? शहराला २०२१ मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी 'वॉटर प्लस' दर्जा मिळालाय, हे लेकीने सांगितलं खरं, पण तिचं तिलाच ते पुरेसं वाटलं नाही.

रंगपंचमीला टोरी कॉर्नरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आम्ही ओळखीच्यांच्या गॅलरीतून पाहिली. यंत्रांनी उडवलेला गुलाल वरच्या मजल्यांपर्यंत येतो, खाली रस्ता म्हणून काही दिसत नाही, नुसती डोकी. गेर पुढे सरकली आणि मागून पालिकेचे सफाई कामगार झाडू, गाड्या, पाण्याचे टँकर घेऊन आले. आम्ही कानांतला रंग काढेपर्यंत डांबर दिसायला लागलं होतं. पाहुणीच्या फोनमध्ये गेरीचे फोटो थोडे, झाडणाऱ्यांचे जास्त.

आता पेल्याची गोष्ट. आमच्या जिन्याच्या पायथ्याशी कोनाडा आहे. त्यात स्टीलचा एक पेला असे, कचरागाडीवरच्या ताईंना पाणी द्यायला. उन्हाळ्यात त्यांना पाणी विचारल्याशिवाय सासूबाई राहायच्या नाहीत, पण पेला तो. एका दुपारी पाहुणी बाहेरून तापून आली, कोनाड्यातला पेला उचलून वर आली, माठातून भरला आणि घटाघटा प्यायली. सासूबाईंचा चेहरा पाहून ती गोंधळली. लेकीने काही न लपवता इंग्रजीत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आमच्यावर व्याख्यान होणार. तिने एवढंच विचारलं, "तो पेला आपला आहे, हे त्या बाईंना कसं कळतं?" लेकीने ते आजीला मराठीत सांगितलं. "कळतं," सासूबाई म्हणाल्या आणि जपाला बसल्या.

दुसऱ्या दिवशी तो पेला इतर भांड्यांबरोबर मांडणीत होता. घरात क्रांती झाली असं मुळीच नाही. ताई आजही उंबऱ्याबाहेरच थांबतात. गाडी पुढे जाते म्हणून, असं त्या म्हणतात. पाणी मात्र हाताला येईल त्या पेल्यातून दिलं जातं. सासूबाईंनी या विषयावर पुन्हा शब्द काढला नाही.

शेवटच्या रविवारी आम्ही सनावदियाला जनक पलटा मगिलिगन यांच्या केंद्रावर गेलो. इंदुरात सगळे त्यांना जनकदीदी म्हणतात. चंदीगडहून आलेल्या जनकदीदींनी १९८५ पासून इंदुरात बरली संस्था उभी केली. झाबुआ, धारकडच्या आदिवासी मुली तिथे राहून लिहायला-वाचायला, शिवणकाम, शेती शिकत. झाबुआच्या गावांतून नारूचा रोग घालवण्यासाठी या मुलींनी जे काम केलं, त्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९९२ मध्ये संस्थेला 'ग्लोबल ५००' सन्मान दिला. पती जिमी उत्तर आयर्लंडचे. २०११ मध्ये अपघातात गेले. केंद्र त्यांच्याच नावाने आहे. आरशाच्या तुकड्यांची शेफलर तबकडी उन्हाकडे तोंड करून हळूहळू फिरते आणि तिच्या झोतावर स्वयंपाक शिजतो. पाहुणी तिच्याभोवती घिरट्या घालत राहिली. शेफलर हे युरोपातलं नाव, पण तशी तबकडी तिने पाहिली इंदूरच्या वेशीवरच्या खेड्यात. पर्यावरण आणि माणसं यांची पुस्तकांत वेगवेगळी प्रकरणं असतात. इथे ती एकाच अंगणात होती. माझ्या मते त्या सगळ्या अदलाबदलीतला हा सर्वांत मोलाचा दिवस होता.

जूनमध्ये लेक जर्मनीला गेली. तिथे पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. लेकीला यंत्राची गंमत वाटली. मग तिने स्टेशनवर एक आजोबा पाहिले, नीटनेटका कोट घातलेले, कचऱ्याच्या पेटीत हात घालून बाटल्या शोधणारे. यजमानीणबाई स्वतःची बाटली पेटीत न टाकता पेटीशेजारी उभी करून ठेवत, म्हणजे अशा कुणाला कचऱ्यात हात घालावा लागू नये. लेकीने त्या रात्री फोनवर डोंगर, तळं, किल्ले सगळं बाजूला ठेवून हेच सांगितलं. म्हणाली, "आई, इकडेही कोनाडा आहे."

अशा अदलाबदलीमागे कुर्ट हान या जर्मन शिक्षकाचं नाव वारंवार येतं. हिटलरविरुद्ध उभा राहिला म्हणून १९३३ मध्ये त्याला अटक झाली, मग ब्रिटनला जाऊन १९३४ मध्ये त्याने स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. सेवा आणि साहस पुस्तकाइतकंच महत्त्वाचं, हा त्याचा आग्रह. पुण्याजवळ पौडला १९९७ पासून असलेलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज त्याच विचारातून निघालेल्या शाळांपैकी. तिथे निवड झाल्यावर घरची ऐपत पाहून शिष्यवृत्ती देतात. म्हणजे खर्चाची अशी सोय जमू शकते.

बहुतेक शाळांत मात्र विमानाचं भाडं, व्हिसा, विमा सगळं पालकांच्या खिशातून. आम्ही मोडलेली मुदतठेव अजून भरून निघालेली नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांसाठी आहेत, पण तो हक्क आठवीपर्यंतचा. अदलाबदल सुरू होते नववीला. ज्या वयात मूल जग पाहायला निघतं, नेमक्या त्याच वयात त्याची फी माफ होणं थांबतं. सर्वसमावेशकता शिकवणारा कार्यक्रम, आणि त्यात समावेश कुणाचा, तर ज्यांचा आधीच आहे त्यांचा.

ताईंची मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची, सरकारी शाळेत शिकते. पाहुणी आमच्याकडे असताना या दोघी तिच्याबरोबर दुपारी गच्चीवर पत्ते खेळल्या. त्याला ना खर्च आला ना परवानगी लागली. शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र सरकारी शाळेसाठी एक तासही नव्हता.

तुमच्या मुलांच्या शाळेत असा कार्यक्रम असेल तर पुढच्या पालकसभेत दोन गोष्टी मागा. परदेशी जाणाऱ्या दर गटात एक जागा शाळेच्या खर्चाने, पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलासाठी. आणि पाहुण्यांच्या दौऱ्यात निदान एक आठवडा जवळच्या सरकारी शाळेत. यजमान कमी पडत असतील तर जुन्या पेठांतली घरं विचारा. आमच्या घरी सोय आहे, जिना तेवढा सांभाळून चढावा लागेल.