काठावरची केळी

रावेर-यावलकडे केळीची लागवड बहुधा पाच बाय पाच फुटांवर. एका खोडाच्या वाट्याला २५ चौरस फूट, एकरी साधारण १,७४२ खोडं. धुळ्यात शिकवताना मी हीच बाग फळ्यावर काढतो. मधल्या खोडाला दोरी बांधायची आणि पन्नास फुटांवर ताणून फिरवायची. आत किती खोडं?

हुशार पोरगं लगेच क्षेत्रफळ काढतं. त्रिज्या दहा घरं, म्हणून ३१४. अंदाज उत्तम, पण मोजलं कुठे? मोजायचं ओळीने. मधल्या ओळीत २१. शेजारच्या ओळीसाठी १०० मधून १ वजा. ९९ चं वर्गमूळ दहाला पोचत नाही, म्हणून वर नऊ, खाली नऊ, मधलं एक: १९. चौथ्या ओळीपर्यंत १९ च. मग १७, १७, १५, १३, एकदम ९, आणि दहाव्या ओळीत एकटं १. दोन्ही बाजू धरून ३१७. त्यातली १२ अगदी दोरीवर: सहा-आठ-दहाच्या त्रिकोणाची आठ, अक्षांवरची चार. ती वगळली तर ३०५! आतलं सगळं सरळ. भांडण असतं ते बांधावर.

गाऊसने प्रत्येक बिंदूला त्याचा चौकोन देऊन टाकला. चौकोन दोरीबाहेर गेला तरी अर्ध्या कर्णापेक्षा जास्त जात नाही, म्हणून उत्तर २७१ ते ३६० मध्येच. चूक त्रिज्येच्या पटीत राहते. १९०६ मध्ये सिएरपिन्स्कीने ती त्रिज्येच्या दोन-तृतीयांश घातापर्यंत खाली आणली. अर्ध्या घाताखाली ती जाणार नाही, हे हार्डी आणि लांडाऊ यांनी दाखवलं. मधली जागा अजून पूर्ण भरलेली नाही.

आपल्याकडे चाळीसगावजवळच्या पाटणचं नाव निघालं की प्रत्येक प्रश्न भास्कराचार्यांच्या नावावर खपवतात. हा त्यांचा नव्हे. पण लीलावतीतली ३९२७/१२५० ही किंमत घेतली, तर आपल्या बागेचं क्षेत्रफळ ३१४.१६ येतं, आणखी काय हवं?

संगणकावर मात्र मी पोरांना वर्गमूळ काढू देत नाही. आकडे फार मोठे झाले की दशांशाच्या गोळाबेरजेत दोरीबाहेरचं खोड आत येतं. पुढच्या ओळीवर जायचं, दोन वर्गांची बेरीज त्रिज्येच्या वर्गापेक्षा जास्त असेल तोवर एकेक पायरी खाली उतरायचं. सगळं पूर्णांकांत. त्रिज्या हजार घेतली तर ३१,४१,५४९ मिळतात. क्षेत्रफळापेक्षा ४४ कमी.