मूळ वाटी

३ जुलै

ताईंचा एक्स-रे पुन्हा लावून बसलो. वय ४४, डावा खुबा जन्मापासून निखळलेला. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत कधी बसलाच नाही. वर सरकून त्याने कमरेच्या हाडावर स्वतःची उथळ खोबण करून घेतली आहे. क्रो वर्गवारीतला हा चौथा, सर्वांत अवघड प्रकार. १९७९ साली ती वर्गवारी मांडणाऱ्या तिघांत चित्तरंजन राणावत होते, वाजपेयींचे गुडघे बदलणारे.

पाय पाच सेंटिमीटर आखूड. गोळा मूळ वाटीच्या साडेसहा सेंटिमीटर वर. खुबा बदलताना तेवढा एका दमात खाली आणला तर सायटिक नस ताणली जाईल आणि पाऊल कायमचे लुळे पडू शकेल. पाय चारच्या पुढे लांबवायची माझी तयारी नाही. म्हणून मांडीचे साडेतीन सेंटिमीटर हाड काढायचे. वरच्याच खोबणीत कृत्रिम कप बसवणे सोपे, पण तिथे हाड पातळ, स्नायू दुबळेच राहतात आणि कप लवकर सैल होतो. एवढे आयुष्य लंगडत काढलेल्या बाईला मी अर्धी दुरुस्ती देणार नाही.

६ जुलै

आज शस्त्रक्रिया. मूळ वाटी शोधण्यातच बराच वेळ गेला. ताणून लांबलेल्या सांध्याच्या आवरणाचा माग काढत खाली गेलो, तेव्हा चरबीखाली ती सापडली: लहान, तिकोनी, पुढची भिंत कागदासारखी. हाताने अंदाज घेत बेताने कोरली. ४२ मिलिमीटरचा कप, २२चा गोळा. याहून मोठ्याला जागाच नव्हती. मग मांडीचे हाड ट्रोकँटरच्या खाली आडवे कापले, वरचा तुकडा नव्या कपात बसवला, पाय ओढून दोन्ही टोके एकमेकांवर किती चढतात ते मोजले आणि तेवढेच काढले. साडेतीनच भरले. पुढे वळलेले हाडही त्याच कापावर फिरवून सरळ करता आले. लांब स्टेम दोन्ही तुकड्यांतून गेला. काढलेले हाड उभे चिरून जोडाभोवती तारेने बांधले.

शुद्धीवर येताच म्हटले, "ताई, पाऊल वर उचला." उचलले. अंगठाही हलला.

७ जुलै

त्यांच्या आई सांगत होत्या, "पोरगी उशिरा चालली, अन् चालायली तवापासनं लचकतच. देवाचं देणं म्हनलं." जन्मल्याबरोबर कोणी मांड्या फाकवून खुबे तपासले असते, तर पहिल्या सहा महिन्यांत बहुधा पट्ट्यांवरच भागले असते. अजूनही तान्ह्याचे पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट आवळलेले दिसतात, तेव्हा जीव तळमळतो. पाय मोकळे ठेवा, कडेवर फाकवून घ्या; आपल्या आज्या तेच करत.

१९ ऑगस्ट

जोडावर नवे हाड धरू लागले आहे. वॉकर चालू, पूर्ण भार अजून नाही. पाय दोन सेंटिमीटर आखूडच आहे, तरी ताई म्हणतात, "डॉक्टर, हा लांब झालाय." इतकी वर्षे कंबर तिरकी ठेवायची सवय झालेली. उंच तळाची चप्पल आत्ताच नको म्हणून सांगितले. कंबर सरळ झाल्यावर, सहा महिन्यांनी पुन्हा मोजू.